परवाना लागत नाही, परवानगी लागते

प्रश्न: मी इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावात ११ वर्षांपासून राहतो. आमच्या गल्लीच्या टोकाला ओक आणि बीचच्या झाडांचे रान आहे. त्यातून एक सार्वजनिक पायवाट जाते आणि गावातले लोक तिथे कुत्री फिरवतात. राखाडी खारी आमच्या बागेत पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे संपवतात, आणि या वर्षी तर त्यांनी माळ्यावर शिरून विजेच्या तारा कुरतडल्या. एका सहकाऱ्याने सांगितले की ही खार इथे उपद्रवी मानली जाते, तिला मारायला परवाना लागत नाही आणि साध्या एअर रायफललाही लागत नाही. म्हणून मी गेल्या महिन्यात एक रायफल घेतली. ती अजून पेटीतच आहे. रविवारी सकाळी रानात जाऊन खारी टिपाव्यात असे मनात आहे. मुलगा १३ वर्षांचा आहे, त्यालाही यायचे आहे. पत्नीचा मात्र ठाम विरोध आहे. रामाने जिच्या पाठीवरून हात फिरवला तिला मारणे पाप आहे, त्यापेक्षा पिंजऱ्यात पकडून लांबच्या रानात सोडून या, असे ती म्हणते. मी काय करावे?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमच्या सहकाऱ्याने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही केवळ त्यांच्या भरवशावर तुम्ही रविवारी रायफल घेऊन त्या रानात शिरलात, तर एकही छर्रा न उडवता तुमच्या हातून गुन्हा घडलेला असेल. तुम्हाला घाबरवावे म्हणून मी हे लिहीत नाही; रायफल अजून पेटीत आहे म्हणून, म्हणजे वेळ गेलेली नाही म्हणून लिहीत आहे.

परवाना आणि परवानगी हे शब्द उच्चाराला जवळचे असले तरी या विषयात त्यांच्यातले अंतर फार मोठे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ज्या एअर रायफलची ऊर्जा नळीच्या तोंडाशी १२ फूट-पाउंडांपेक्षा जास्त नाही, तिच्यासाठी पोलिसांचे सर्टिफिकेट लागत नाही, आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला ती नोंदणीकृत विक्रेत्याकडून विकत घेता येते. (स्कॉटलंडचा नियम वेगळा आहे. तिथे ३१ डिसेंबर २०१६ पासून अशा रायफलीलाही सर्टिफिकेट लागते, तेव्हा सुटीत ती गाडीत टाकून उत्तरेकडे नेण्याचा विचारही करू नका.) राखाडी खारीला मारण्यावर वर्षातल्या कोणत्याही महिन्यात बंदी नाही, हेही खरे. पण हे सगळे रायफलीबद्दल आणि खारीबद्दल झाले. ज्या जमिनीवर उभे राहून तुम्ही चाप ओढणार, त्या जमिनीबद्दल तुमच्या सहकाऱ्याने काहीच सांगितलेले नाही, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

इथे बेवारशी रान नसते. कितीही मोकळे वाटले, फाटक नसले, रोज शंभर माणसे त्यातून चालत असली, तरी प्रत्येक रानाला मालक असतो. तो शेतकरी असेल, कौन्सिल असेल किंवा एखादा धर्मादाय न्यास असेल. सार्वजनिक पायवाटेवरून चालण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण तो चालण्याचाच आहे. त्या वाटेवरून नेम धरण्याचा किंवा वाट सोडून झाडांत शिरण्याचा नाही. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीवर विनापरवानगी बंदूक घेऊन जाणे हाच गुन्हा आहे, आणि त्यात एअर रायफलही येते, भरलेली असो वा रिकामी. सार्वजनिक जागी योग्य कारणाशिवाय एअर रायफल बाळगणे हा त्याच कायद्यातला आणखी एक गुन्हा. परवानगी मिळालेल्या जमिनीकडे जाताना रायफल रिकामी करून, बंद आवरणात घालून नेणे हे योग्य कारण ठरते. ‘रानात एक चक्कर मारायला निघालो होतो’ हे ठरत नाही. शिवाय ज्या जागेची परवानगी आहे तिच्या हद्दीबाहेर, शेजारच्या मालकाच्या संमतीशिवाय, छर्रा गेला तरी दोष तुमच्याकडेच येतो. रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत चालवलेल्या गोळीने कुणाला धोका किंवा अडथळा झाला, तर त्याला महामार्गांचा स्वतंत्र कायदा लागू होतो.

तुमचे रान कोणाच्या मालकीचे आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि मला वाटते तुम्ही अजून शोधलेलेही नाही. ते कौन्सिलचे, वुडलँड ट्रस्टचे किंवा फॉरेस्ट्री इंग्लंडचे निघाले तर शिकारीचा विचार तिथेच सोडून द्यावा, कारण अशा जागी हौशी माणसाला सहसा परवानगी मिळत नाही आणि ती मिळूही नये असे माझे मत आहे. कुत्री फिरवणारी माणसे कोणत्या झुडपामागून केव्हा येतील याचा नेम नसतो. रान खासगी असेल तर मात्र मार्ग आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी तुमच्या घराचे पाहू, कारण तुमचे मूळ दुखणे तिथले आहे आणि त्यावरचा उपाय रायफल हा नाही. समजा, तुम्ही या हिवाळ्यात रानातल्या सहा खारी मारल्या. त्यांची जागा आजूबाजूच्या रानांतल्या खारी काही आठवड्यांतच घेतील, कारण मोकळा पडलेला मुलूख आणि बागेत टांगलेले दाणे या दोन्ही गोष्टी त्यांना ओढून आणतात. माळ्यात शिरलेली खार बहुतेक वेळा छताच्या कडेच्या कुजलेल्या फळीतून किंवा सैल कौलाखालून आलेली असते. ती वाट शोधून मजबूत तारेच्या जाळीने बंद केली की त्रास थांबतो. पण बंद करण्यापूर्वी आत पिल्ले नाहीत याची खात्री करा. मादी बाहेर आणि पिल्ले आत अशी वेळ आली तर पिल्ले उपाशी मरतात आणि आई पुन्हा आत शिरण्यासाठी घराचे लाकूड कुरतडत राहते. ही खार साधारणपणे वर्षातून दोनदा विते, हिवाळा सरताना एकदा आणि उन्हाळ्याच्या मध्यावर एकदा, आणि पिल्ले सुमारे दहा आठवडे आईच्या दुधावर असतात. त्यामुळे जाळी बसवायला ऑक्टोबर-नोव्हेंबर हा चांगला काळ. कुरतडलेल्या तारा मात्र त्याची वाट न पाहता आजच इलेक्ट्रिशियनला दाखवा, कारण उघड्या तारेने आग लागते. दाण्यांसाठी खारीच्या वजनाने बंद होणारे फीडर मिळतात. या दोन-तीन कामांनी तुमच्या तक्रारीचा मोठा भाग मिटेल, आणि तो एकही जीव न घेता मिटेल.

पिंजऱ्याबद्दल. तुमच्या पत्नीची सूचना दयेपोटी आलेली आहे आणि ती ऐकून कुणालाही पटेल. पण दुर्दैवाने बेकायदा तीच आहे. आक्रमक परकीय प्रजातींबद्दलच्या २०१९ च्या आदेशाप्रमाणे एकदा पकडलेली राखाडी खार परवान्याशिवाय पुन्हा मोकळी सोडता येत नाही, लांबच्या रानात नाही आणि पकडली तिथेही नाही. पिंजरा लावायचा तर तो रोज तपासावा लागतो आणि त्यात सापडलेला जीव वेदना न देता मारण्याची तयारी आधीच ठेवावी लागते. काही लोक पिंजराच पाण्यात बुडवतात; ती क्रूरता आहे आणि कायदाही तिला क्रूरताच मानतो. म्हणून ज्या घरात मारण्याची तयारी नाही त्या घरात पिंजरा आणू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

आता पापाचा प्रश्न. तो मी बाजूला सारणार नाही, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. सेतू बांधताना अंगाला वाळू लावून घेऊन ती पुलावर झटकणारी खार आपल्या भाषेत इतकी मुरलेली आहे की लहानशा मदतीला आपण आजही खारीचा वाटा म्हणतो. ती, पाठीवर पट्टे असलेली, हाताच्या ओंजळीत मावणारी खार वेगळी आणि इंग्लंडमधली पाच-सहाशे ग्रॅम वजनाची राखाडी खार वेगळी, हे शास्त्राच्या दृष्टीने खरे आहे. पण एवढे सांगून तुमच्या पत्नीचे समाधान होणार नाही आणि व्हायचे कारणही नाही. जात वेगळी असली म्हणून दुखणे वेगळे नसते.

मी तिला दुसरी गोष्ट सांगेन. ही खार मूळची उत्तर अमेरिकेतली. १८७६ मध्ये चेशरमधल्या हेन्बरी पार्क नावाच्या जमीनदारीत शोभेसाठी ती सोडण्यात आली, आणि पुढे अनेक श्रीमंतांनी आपापल्या बागांत तशीच आणून सोडली. आज ब्रिटनमध्ये राखाडी खारींची संख्या सुमारे २७ लाख मानली जाते आणि इथल्या मूळच्या तांबड्या खारी तीन लाखांच्या आत उरल्या आहेत, त्यातल्याही बहुतेक स्कॉटलंडमध्ये. दक्षिण इंग्लंडमध्ये तर आइल ऑफ वाइट आणि ब्राउनसी यांसारख्या बेटांवरच त्या तग धरून आहेत. राखाडी खार स्वतः आजारी न पडता एका देवीसदृश रोगाचा विषाणू बाळगते, आणि तो तांबड्या खारीला झाला की डोळ्यांभोवती, ओठांवर आणि पंजांवर फोड येऊन ती बहुधा पंधरवड्यात मरते. यात राखाडी खारीचा काही अपराध नाही. तिला कुणी विचारून आणलेले नाही. ती खार म्हणून जगते आहे एवढेच. ‘उपद्रवी’ हा शब्द तिच्यामुळे होणाऱ्या नुकसानाचे वर्णन करतो, तिच्या जिवाची किंमत कमी करत नाही. त्यामुळे ज्या माणसाने हे नुकसान आवरायचे ठरवले, त्याच्यावर ते काम एका क्षणात, वेदनेविना आणि योग्य जागी करण्याची जबाबदारी जास्तच येते. तुमच्या पत्नीचा विरोध हा तुमच्या मार्गातला अडथळा आहे असे मानू नका. रानात नेम धरताना तो तुमच्या मनात असला तर तुम्ही निम्मे छर्रे उडवणारच नाही, आणि ते योग्यच होईल.

नुकसान कसले, तेही एकदा जवळून पाहा. मे ते जुलै या महिन्यांत एखाद्या वीस-पंचवीस वर्षांच्या बीचच्या झाडाखाली उभे राहा. बुंध्याशी सालीच्या ढलप्या पडलेल्या दिसतील, आणि वर पाहिले तर करड्या सालीत हातभर लांबीचा पांढरा, ओलसर पट्टा उघडा पडलेला दिसेल. त्या पांढऱ्या लाकडावर बोट फिरवले तर दातांच्या जोडीजोडीने उमटलेल्या बारीक चऱ्या हाताला लागतात. खार साल खात नाही. साल सोलून तिच्या आतला गोड रस वाहणारा थर खाते. पट्टा एका बाजूला राहिला तर झाड जगते, पण लाकूड वाकडे होते आणि जखमेतून बुरशी आत शिरते. पट्टा खोडाभोवती पूर्ण फिरला तर त्याच्या वरचा भाग वाळून जातो. ओक, बीच आणि सिकॅमोर यांची दहा ते चाळीस वर्षे वयाची झाडे यात सर्वाधिक सापडतात, म्हणजे एखाद्या शेतकऱ्याने आपल्या नातवंडांसाठी लावलेली झाडे ऐन उभारीत जातात. अशा मालकाला मदत हवी असते. तुमच्या रायफलीला अर्थ प्राप्त होईल तो अशा माणसाच्या जमिनीवर. केवळ विकत घेतली म्हणून ती चालवायची असेल, तर त्यासाठी कागदाची आणि लोखंडाची निशाणे पुरेशी आहेत, आणि निशाणबाजीचे क्लब देशभर आहेत.

क्लबात तुम्ही आधी जावेच, कारण आता मी जे लिहिणार आहे ते तिथल्याशिवाय शिकता येत नाही.

१२ फूट-पाउंड ही ऊर्जा खारीसारख्या चिवट प्राण्यासाठी थोडीच आहे. छर्रा मेंदूत बसला तर मरण तत्काळ येते. पोटात किंवा मागच्या पायात बसला तर खार पळते, ढोलीत शिरते आणि तास-दोन तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मरते. म्हणून नेम डोक्यावरच, बाजूने दिसत असेल तर डोळा आणि कान यांच्या मध्ये. आणि ती जागा एक पौंडाच्या नाण्याएवढी आहे, त्याहून मोठी नाही. क्लबात कागदावर त्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवून वर्तुळे काढा. बसून, गुडघा टेकून आणि उभे राहून प्रत्येकी दहा छर्रे मारा. ज्या अंतरावर दहापैकी दहा वर्तुळात बसतात ते तुमचे अंतर. नऊ बसले तर ते तुमचे अंतर नाही. अनुभवी माणसेही तीस-पस्तीस यार्डांपलीकडे सहसा मारत नाहीत. सुरुवातीला तुमचे अंतर वीस यार्ड निघाले तर त्यात कमीपणा मानू नका, वीस यार्डच पाळा.

क्लबात जमिनीशी समांतर मारणे शिकाल, पण खार झाडावर असते. दुर्बीण नळीच्या वर दीड-दोन इंच बसवलेली असल्यामुळे अगदी जवळच्या, म्हणजे आठ-दहा यार्डांवरच्या निशाणावर छर्रा नेमाच्या खाली लागतो. उलट, उंच फांदीकडे तिरके मारताना छर्रा अपेक्षेपेक्षा वर जातो, कारण गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आडव्या अंतरावर ठरतो. ४५ अंशाच्या कोनात तीस यार्ड दूर दिसणारी खार छर्र्याच्या दृष्टीने एकवीस यार्डांवर असते. नाण्याएवढ्या जागेसाठी हा फरक पुरेसा आहे. मध्ये एखादी पेन्सिलीइतकी काटकी आली तरी छर्रा दिशा बदलतो. आणि सर्वांत मुख्य गोष्ट अशी की खारीच्या मागे काय आहे हे पाहिल्याशिवाय चाप ओढायचा नाही. जाड खोडाला चिकटून बसलेली खार मारता येते, कारण छर्रा खोडात अडतो; आकाशाच्या पार्श्वभूमीवर बारीक फांदीवर बसलेली खार कितीही जवळ आणि कितीही स्थिर असली तरी मारता येत नाही, कारण चुकलेला छर्रा काहीशे यार्ड पुढे जाऊन कुठे पडेल हे तुम्हाला ठाऊक नसते. झाडावरच्या काटक्या-पानांच्या घरट्यात, आत काय आहे हे न दिसता छर्रे मारण्याची एक पद्धत काही जणांत दिसते. ती कधीही अंगीकारू नका.

खारीच्या मागे फिरून काही साधत नाही. तिला तुमची चाहूल लागली की ती खोडाच्या पलीकडच्या बाजूला जाते आणि तुम्ही जसे गोल फिराल तशी तीही फिरते, किंवा वरून शेपटी झटकत चक-चक असा आवाज काढून सगळ्या रानाला जागे करते. त्यापेक्षा मालकाच्या संमतीने एका खोडाला मका ठेवण्याची पेटी बांधावी, तिथपर्यंतचे अंतर पावलांनी नव्हे तर टेपने मोजावे, आणि पाठ एखाद्या झाडाला टेकवून गप्प बसून राहावे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर रान तुम्हाला विसरते. पेटीपाशी आलेली खार मागच्या पायांवर बसून दाणा हातात घेऊन खाते, तेव्हा तिचे डोके काही क्षण स्थिर असते, अंतर माहीत असते आणि मागे खोड असते. नवख्या माणसासाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ मला योग्य वाटतो. पाने गळालेली असतात, आणि दूध पिणारी पिल्ले घरट्यात असण्याची शक्यता फार कमी असते. झाडांचे मालक वसंतात, सोलणे सुरू होण्यापूर्वी, खारी कमी करू पाहतात, हे खरे. ते काम अनुभव आल्यावर.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. माझ्या दुसऱ्याच हंगामात, नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी, दोन तास बसूनही काही न मिळाल्यामुळे मी माझे अंतर सोडून चाळीस यार्डांच्या पलीकडच्या खारीवर नेम धरला. प्रकाश कमी झाला होता आणि माझे हात गारठले होते. छर्रा बसल्याचा आवाज स्पष्ट आला, पण खार पडली नाही. मागचे अंग ओढत ती पुढच्या दोन पायांनी खोडावर चढली आणि ओकच्या ढोलीत गेली. मी अंधार पडेपर्यंत त्या झाडाखाली उभा होतो. आतून नखांचा खरखर असा आवाज येत राहिला, मग थांबून थांबून येऊ लागला. वर चढण्याचे साधन माझ्यापाशी नव्हते आणि दुसरा छर्रा मारायला काही दिसतही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाकडून शिडी घेऊन गेलो तेव्हा ती मेलेली होती. रात्रभरात केव्हा मेली ते मला कळले नाही. त्यानंतर प्रकाश उतरू लागला की मी रायफल रिकामी करून आवरणात घालतो, समोर खार बसलेली असली तरी.

म्हणून छर्रा लागल्यानंतर लगेच दुसरा भरून तयार राहा, आणि किंचितही शंका असेल तर तो वापरा. खार पडल्यावर मागच्या बाजूने जवळ जा आणि काडीने तिच्या डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श करा. पापणी हलली नाही तरच ती मेली आहे असे समजा. हातमोजे घालूनच उचला, कारण गोचिड्या असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो. मेलेली खार पायवाटेजवळ टाकून येऊ नका.

परवानगी कशी मागावी, तर दिवसाढवळ्या, रायफल घरी ठेवून आणि स्वच्छ कपडे घालून. मालक कोण ते ठाऊक नसेल तर लँड रजिस्ट्रीत थोड्या शुल्कात नोंद पाहता येते. ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्व्हेशन या संस्थेचे सभासद व्हा, कारण सभासदत्वात अपघाताच्या भरपाईचा विमा येतो आणि तो आहे हे ऐकल्यावर जमीनमालकाचा निम्मा संकोच जातो. होकार मिळाला तर तो कागदावर घ्या. त्यात जमिनीची हद्द नकाशासह, मारायचा प्राणी राखाडी खार हाच, जाण्याचे दिवस आणि मालकाची सही असावी, आणि तो कागद प्रत्येक वेळी खिशात असावा. नकार मिळाला तर आभार मानून परत या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारू नका. तुमच्या स्वतःच्या बागेत, छर्रा हद्दीबाहेर जाणार नाही अशा रीतीने रायफल चालवणे कायद्यात बसते. पण दोन्ही बाजूंना शेजारी असलेल्या लहान बागेत, मागे मातीचा भक्कम बांध असल्याशिवाय, मी ते करणार नाही आणि तुम्हीही करू नये.

राहिला मुलगा. १८ वर्षांखालच्या मुलाला एअर रायफल विकत घेता येत नाही आणि भेटही देता येत नाही, म्हणजे ती तुमची आहे, त्याची नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला २१ वर्षे पूर्ण केलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच ती हाताळता येते, आणि फेब्रुवारी २०११ पासून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी काळजी घेणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. कुलपाचे कपाट आजच आणा. छर्रे वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ल्या कुठे आहेत हे मुलाला माहीत नसू द्या. क्लबात त्याला जरूर न्या. पण जिवावर नेम धरण्यासाठी त्याला या हिवाळ्यात नेऊ नका. तुमचा स्वतःचा हात अजून सिद्ध झालेला नाही, आणि पहिली खार जखमी होऊन पळाली तर त्या वेळी तुमचे सगळे लक्ष तिच्याकडे हवे, तेरा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्याकडे नव्हे.

त्याच्यासाठी दुसरे काम आहे आणि त्याला कुणाचीच परवानगी लागत नाही. रविवारी सकाळी त्याला आणि त्याच्या आईला घेऊन त्या सार्वजनिक पायवाटेने चालायला जा. वाटेवरून दिसणाऱ्या झाडांपैकी किती सोललेली आहेत, कोणत्या जातीची आहेत, पट्टा जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि जखम ताजी आहे की जुनी, हे त्याला वहीत लिहू द्या आणि एका साध्या नकाशावर खुणा करू द्या. रान खासगी निघाले, तर मालकाचे दार वाजवताना ती वही बरोबर न्या. काहीच सोललेले आढळले नाही, तर त्या रानाला तुमच्या रायफलीची गरज नाही, आणि माळ्याची जाळी बसवायला तुमचा रविवार मोकळा आहे.